जमिनीचे कागद वाचायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जमिनीच्या कामात नव्यानं उतरणाऱ्या पोरापोरींनी हे वाचावं, म्हणून पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

येळ्ळूर रस्त्यालगत प्लॉट पाडायच्या जागेचा नकाशा घेऊन मी तुमच्याकडे आले होते. तुम्ही तो गुंडाळून बाजूला ठेवलात आणि आर.टी.सी. उतारा, म्हणजे आपल्याकडचा सातबारा, मागितलात. मग ई.सी., म्हणजे जमिनीवरच्या कर्ज-व्यवहारांचा दाखला, मग जुने फेरफार. "बांधायला कोनबी बांधतंय. जागा कुनाची हाय ते आधी बघ की," म्हणालात. 1956 मध्ये बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेलं, त्यामुळे आमच्याकडे एकाच सर्वे नंबरचे जुने कागद मराठीत, नंतरचे कन्नडमध्ये आणि एखादा मोडीतलाही. तिन्ही तुम्ही सारख्याच सहजतेनं वाचत होता आणि प्रत्येक ओळ मला वाचायला लावत होता. कुळकायद्याखाली मिळालेली जमीन पंधरा वर्षं विकता येत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला सरकारनं दिलेली जमीन असेल, तर 1978 च्या कायद्यानं सरकारच्या परवानगीशिवाय व्यवहारच टिकत नाही. पदवीच्या अभ्यासात यातलं काही नव्हतं.

कागद स्वच्छ निघाले, तरी तुम्ही घाई करू दिली नाही. "जमीन मे महिन्यात बघू नको, जुलैत बघ." जुलैत आपण बांधावर उभे होतो. बळ्ळारी नाला फुगला होता आणि शिवारभर पाणी पसरलं होतं. काळी माती, बासमतीची जमीन. तिथं भराव टाकून प्लॉट पाडले असते, तर ते पाणी शेजारच्याच्या भातात गेलं असतं. भाव चांगला होता, पण मी ती जागा सोडली. आजही त्या रस्त्यानं जाताना तिथं भात उभं दिसलं की बरं वाटतं. 2020 मध्ये कर्नाटकात शेतकरी नसलेल्यांनाही शेती घ्यायची मोकळीक मिळाली. त्यानंतर असं 'जुलैत बघ' सांगणारं माणूस फार गरजेचं झालंय, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी जागा हिंडलग्याच्या बाजूची. लाल माती, उंचवटा. हातात भांडवल कमी, म्हणून जॉइंट डेव्हलपमेंट करायचं ठरलं: जमीन त्यांची, रस्ते-गटारं-मंजुऱ्या माझ्या, प्लॉट वाटून घ्यायचे. उताऱ्यावर तिघा भावांची नावं. तुम्ही पहिलाच प्रश्न विचारलात, "भैनी किती?" दोघी होत्या, चंदगड तालुक्यात दिलेल्या. वडील 2005 च्या आधी वारले, मग त्यांचा हक्क कसला, असं भावांचं म्हणणं. तुम्ही न चिडता समजावलंत की वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, वडील हयात असोत-नसोत, हे सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये सांगितलंय. आणि यांची तर नोंदणी झालेली वाटणीच नव्हती.

भाऊ म्हणाले, सह्या आणून देतो. तिथं तुम्ही मला बाजूला घेतलंत. "सही मागू नको. त्यांचा हिस्सा किती, ते विचार." दुसऱ्याच आठवड्यात गुडघेदुखी असूनही तुम्ही माझ्याबरोबर चंदगडकडे आलात. थोरल्या बहिणीनं कागद वाचून दाखवायला सांगितला. तुम्ही सगळा वाचलात, कन्नड ओळींचा अर्थ मराठीत सांगत. त्या दोघींच्या नावावर आज एकेक प्लॉट आहे. माझ्या हिशेबात नफा तेवढा कमी झाला, आणि त्याबद्दल मला जराही खंत नाही.

पुढचं सगळं ओळीनं झालं: मोजणी, हिस्सा वेगळा दाखवणारा 11-ई नकाशा, एन.ए. म्हणजे बिगरशेती परवानगी, बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी. रेराची, म्हणजे ग्राहकांच्या संरक्षणासाठीच्या कायद्याखालची, नोंदणी होईपर्यंत एकही बुकिंग घेऊ दिलं नाहीत तुम्ही. या नोंदणीची मर्यादा 500 चौरस मीटर, म्हणजे पाच गुंठ्यांनाही जरा कमीच, तेव्हा आपल्याकडचं लहानसं लेआउटही त्यात येतं. ग्राहकांच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे, ही अट कितीजणांना जाचक वाटते. मला वाटत नाही. आमचं अनगोळचं घर नोंदणी न करता नुसत्या बाँड पेपरवर घेतलेल्या जागेत आहे. जागेच्या मालकीच्या नोंदीचं खातं नाही म्हणून बँकेनं बाबांना कर्ज नाकारलं, तेव्हा आई रात्रभर जागी होती. माझ्याकडून प्लॉट घेणाऱ्या कुणाच्या घरात ती रात्र येऊ नये, एवढ्यासाठी मी या धंद्यात आले. ते नीट कसं करायचं हे तुम्ही शिकवलंत.

तुम्ही एक रुपया घेतला नाहीत. काकूंनीही दुपारची झोपमोड कधी बोलून दाखवली नाही. दोघांचे मनापासून आभार.

मच्छेची दोन पोरं परवा उतारा घेऊन माझ्याकडे आली होती. त्यांना मी आधी बहिणींची नावं लिहून आणायला सांगितलंय. त्यांच्याकडचा मोडीतला एक फेरफार मात्र मला वाचता येत नाही. रविवारी त्यांना घेऊन येऊ का?

तुमची,
अनगोळची इंजिनिअर पोरगी