व्हायरस राहू द्या, आधी ब्लोअर चालू ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला सांडपाणी 'खाणाऱ्या' व्हायरसवरचा लेख वाचला. छान आहे, म्हणजे चित्र छान आहे. पण व्हायरस काही खात-बित नाही हो! एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण प्लांटच्या) टाकीत घाण खातात ते बॅक्टेरिया, आणि फाज जातीचे व्हायरस त्या बॅक्टेरियांत घुसतात. कधी त्यांच्याबरोबर अशी जनुकं येतात की त्या बॅक्टेरियाला प्रदूषक तोडायला मदत होते, कधी सरळ त्याला फोडतात आणि आतला माल बाकीच्यांच्या पोटात. आता फुटणारे नेमके अमोनिया काढणारे निघाले तर प्लांट बिघडूही शकतो, त्यावर लेखात एक ओळ नाही. शिवाय टाकीतल्या एका मिलिलिटरमध्ये हे फाज कोट्यवधी असतातच, विकत आणायची गरज नसते.

एवढं लिहायचं कारण म्हणजे तुमचा लेख सकाळी आमच्या घोडबंदरच्या सोसायटीच्या ग्रुपवर पडला आणि दुपारी एसटीपीच्या कॉन्ट्रॅक्टरचा मेसेज, "सर, हे आपण पण टाकू शकतो, कोटेशन पाठवू का?" याच गृहस्थांनी मागे बॅक्टेरियांचं कल्चर म्हणून पावडरच्या पिशव्या गळ्यात मारल्या, आणि रात्री टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद, का तर वीजबिल. अहो, १९१४ साली मँचेस्टरला बॅक्टेरियांच्या गाळाने सांडपाणी साफ करायची ही पद्धत निघाली तेव्हापासून टाकीत हवा सोडणं हेच तर मुख्य काम आहे, हवाच नाही तर बॅक्टेरिया काय करणार आणि व्हायरस तरी काय दिवे लावणार?

मी स्वतः बेसमेंटमध्ये जाऊन टाकीतलं पाणी सिलिंडरमध्ये भरून अर्धा तास ठेवलं. चॉकलेटी गाळ खाली बसून वर नितळ पाणी दिसायला हवं, इथे गाळ काळाकुट्ट, त्यातला निम्मा बुडबुड्यांबरोबर परत वर आलेला, आणि वास तर विचारू नका, हेच पाणी आमच्या फ्लशला येतं. ऑपरेटर म्हणतो, "काका, पावसामुळे होतं असं." बेसमेंटमध्ये पाऊस!

तेव्हा पुढच्या वेळी असं काही छापाल तेव्हा व्हायरसचे हे प्रयोग अजून बरेचसे लॅबमध्येच आहेत हे मोठ्या अक्षरात छापा, नाहीतर आमच्या कमिटीत ठराव पास व्हायला वेळ लागत नाही (पार्किंगचा सोडून).

आणि हो, रविवारच्या शब्दकोड्याची उत्तरं सोमवारी देऊ म्हणता, ती या सोमवारीही नव्हती. तिथे अर्धं पान बिल्डरची जाहिरात होती, 'स्वतःचा एसटीपी' असलेल्या टॉवरची.

आपला,
एक वाचक, ठाणे (प.)