बॉक्सिंगमधल्या वजनाबाबत क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र

मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

स्पर्धेच्या सकाळी काट्यावर आकडा बसला की मुलगा पात्र. तो आकडा कसा बसवला, हे कुणी विचारत नाही. ६४ किलोचा मुलगा ६० च्या गटात घालायचा म्हणून शेवटच्या दोन दिवसांत चार किलो उतरवतात: पाणी बंद, अंगात प्लास्टिकचं जाकीट, वर ट्रॅकसूट आणि धावणं. उतरतं ते पाणी, चरबी नव्हे. मुंबईच्या दमट हवेत घाम मुळातच लवकर वाळत नाही, प्लास्टिकखाली तर नाहीच. त्यामुळे घाम गळतो पण अंग निवत नाही. रक्त आटतं, ठोके वाढतात. वजन झाल्यावर लिटरभर पाणी ढोसूनही दुपारपर्यंत ही तूट भरत नाही. तिसऱ्या राउंडला हात खाली येतात, ठोसे थेट डोक्यावर बसतात, आणि बाहेर चर्चा काय, तर पोरात दम नाही!

अमेरिकन बॉक्सर आइक विल्यम्समध्ये दम नव्हता असं कोण म्हणेल? १९४५ मध्ये मेक्सिको सिटीत हुआन झुरिताला आणि १९४७ मध्ये बॉब माँटगोमेरीला हरवून तो लाइटवेट या वजनगटाचा निर्विवाद जगज्जेता झाला. मर्यादा १३५ पौंड, म्हणजे सुमारे ६१.२ किलो. पुढे त्याचं अंग त्यात मावेना. एरवी वरच्या वजनात लढायचं आणि किताबापुरतं खाली यायचं, असं चाललं. मे १९५१ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जिमी कार्टरने त्याला चौदाव्या राउंडला हरवलं.

१९९७ मध्ये वजन उतरवताना अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर दगावले, तेव्हा तिथे नियम आले. तेच इथे हवेत. हंगामाच्या सुरुवातीला लघवीचे थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर (घनता मोजायच्या छोट्या उपकरणावर) तपासा, पाण्याच्या तुलनेत घनता १.०२० च्या वर गेली, म्हणजे अंगात पाणी कमी, तर त्या दिवशीचं वजन धरू नका. नोंदवलेल्या वजनातून आठवड्याला दीड टक्क्याहून जास्त घट चालणार नाही. ६४ किलोच्या मुलाला हे किलोभराहून कमीच, म्हणजे साठपर्यंत यायला चार आठवड्यांहून जास्त. तेवढा वेळ नसेल तर त्याने वरच्या गटात खेळावं. प्लास्टिकच्या जाकिटावर सरसकट बंदी हवी, सरावातही.

येत्या हंगामाच्या प्रवेशिका निघण्याआधी हा आदेश काढावा.

आपले,
मुंबईतले बॉक्सिंग प्रशिक्षक