जाळी पडली होती

मुरेसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना
सोमवार, रात्री साडेअकरा

तीर्थरूप आप्पा आणि आईस शिरसाष्टांग नमस्कार.

पहिलं म्हणजे, मला काहीही झालेलं नाही. हात, पाय, मान, सगळं जागच्या जागी आहे. डाव्या खांद्यावर पट्ट्याचा वळ उठलाय तेवढाच, आणि तोही आता पिवळा पडत चाललाय, म्हणजे बरा होतोय. छोटे, हे प्रिंट काढून आप्पांना दे. आईला मात्र तूच वाचून दाखव, आणि जिथे 'गाळ' लिहिलंय तिथे गाळ.

फोनवर सांगत बसलो नाही, कारण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून सगळे एकदम बोलता, मागे लेथ चालू असतो, आणि मी 'बरा आहे' म्हटलं की आई 'आवाज का बसलाय?' म्हणते. आवाज बसलेलाच असतो. दिवसभर हेल्मेटच्या आत ओरडल्यावर कुणाचाही बसेल.

तर शनिवारच्या शर्यतीतल्या माझ्या धडकेची ती क्लिप. मामाने ग्रुपवर टाकलेली मी पण बघितली. १४ सेकंदांची आहे. गाडी फिरते, भिंतीला पाठ लावते, दुसरी येऊन तोंडावर आदळते, पांढरा धूर निघतो, खलास. ज्याने काढली त्याने नेमकी तिथेच बंद केली. आता नीट ऐका. आमच्या गाडीच्या खिडकीला काच नसते, पट्ट्यांची जाळी असते. आदळल्यावर ड्रायव्हरने ती आतून सोडायची. जाळी खाली पडली की सगळ्यांना कळतं की आतला माणूस शुद्धीवर आहे, ठीक आहे. मी सोडली होती. आधी हात स्टिअरिंगमधून काढला, मग खटका चाचपला, तो पहिल्यांदा सापडला नाही, दुसऱ्यांदा सापडला, आणि जाळी पडली. सोळाव्या-सतराव्या सेकंदाला म्हणा. मामाच्या क्लिपात तेवढंच नाही. त्याला म्हणावं, पुढच्या वेळी पूर्ण व्हिडिओ टाक. (पुढच्या वेळी म्हणजे तसं नव्हे गं आई.)

आणि तो धूर नव्हताच, वाफ होती. रेडिएटर फुटला. आप्पांना फरक कळेल.

[छोटे, इथून गाळ.] आप्पा, तुम्ही मानेचं विचारलं होतंत. २००१ च्या फेब्रुवारीत डेटोनाच्या शर्यतीत, शेवटच्या फेरीत, इथला सगळ्यात मोठा ड्रायव्हर डेल अर्नहार्ट गेला. गाडी बघितली तर फार मोडलेलीही वाटत नव्हती. आदळल्यावर अंग पट्ट्यांनी धरून ठेवलं जातं आणि डोकं पुढे जातं, सगळा घात तिथे होतो. त्याच वर्षी नासकारने, म्हणजे इथल्या गाड्यांच्या शर्यती चालवणाऱ्या संस्थेने, मानेचं संरक्षण सक्तीचं केलं. माझ्याकडे आहे ते खांद्यांवर बसतं आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांनी हेल्मेटला बांधलेलं असतं. शनिवारी त्याने त्याचं काम केलं. [इथपर्यंत.]

नोकरीचं नेहमीचंच, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. हिकरीचा ट्रॅकही तुम्हाला माहीत आहे. ही शर्यत मात्र मार्टिन्सव्हिलची, व्हर्जिनियात, इथून दोनेक तास. आमच्या लेट मॉडेल गाड्यांची (आमच्या वर्गाच्या रेसगाड्यांना तसं म्हणतात) वर्षातली सगळ्यात मानाची. ट्रॅक १९४७ चा, म्हणजे नासकारपेक्षा एका वर्षाने मोठा. लांबी फक्त ०.५२६ मैल, साडेआठशे मीटरही भरत नाही. आप्पांच्या बिलांना लावायची यू-पिन असते ना, अगदी तसा आकार. दोन लांब सरळ बाजू डांबराच्या आणि दोन आखूड वळणं काँक्रीटची. मागच्या सरळ बाजूला लागून रेल्वेलाइन आहे. शुक्रवारी सरावात मालगाडी चालली होती आणि मी तिच्या बरोबरीने, तेव्हा एक क्षण रुकडीच्या फाटकात थांबल्यासारखं वाटलं.

या ट्रॅकवर सगळा खेळ ब्रेकचा. फेरी साधारण २० सेकंदांची आणि तीत दोनदा जीव खाऊन ब्रेक. अंधार पडला की पुढच्याच्या चाकाआड डिस्क लालभडक झालेली दिसते, भट्टीतून काढलेल्या कास्टिंगसारखी. शुक्रवारी आमची गाडी वळतच नव्हती. स्टिअरिंग फिरवावं आणि नाक भिंतीकडेच जावं. मालक (तुम्ही व्हिडिओ कॉलवर बघितलेत ते, टोपीवाले) रात्री एकपर्यंत खाली आडवे पडून स्प्रिंगा बदलत होते. पात्रता फेरी २५ फेऱ्यांची असते. त्यात जो मागे राहतो तो गाडी ट्रेलरवर चढवून घरी. माझ्या फेरीतून मुख्य शर्यतीत जाणारी शेवटची जागा मला मिळाली. 'शेवटची' हे छोटीने गाळलं तरी चालेल.

आई, पितृपक्षाचं तू तीनदा बोललीस. मी शर्यत ठरवत नाही गं. इथल्या लोकांकडे पंचांग नाही. शुक्रवारी आज्जांची तिथी होती हे माझ्या लक्षात होतं. वाडी दाखवायला काहीच नव्हतं, म्हणून सकाळी पार्किंगच्या कडेला गवतात पावाचा तुकडा ठेवला. कावळा आला, बघितलं आणि उडून गेला. मग मालकांनी आपल्या डब्यातलं बिस्किट ठेवलं, तर ते लगेच नेलं. आज्जांना चहाबरोबर बिस्किटच लागायचं. आणि शर्यतीपुढे आज्जांनी तरी कधी तिथी बघितली होती? शेंड्या बैलाला घेऊन गावोगाव फिरायचे. २०१४ ला बंदी आली आणि जोडी विकली तेव्हाच ते खचले. बंदी उठेपर्यंत राहिले असते तर मला पहिला फोन त्यांचा आला असता, 'कितवा आलास?'

एकतिसावा. चाळिसात.

आता कुणी धडक दिली आणि तो तुरुंगात का नाही, हा आत्याचा प्रश्न. हे जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण मलाही दोन वर्षं कळलं नव्हतं.

इथे गाडीला गाडी लावणं हा गुन्हा नाही. म्हणजे आहे आणि नाही. मागून बंपरला हलकेच टेकून पुढच्याला वळणात जरा बाहेर सरकवायचं आणि आतून निघून जायचं, हे चालतं. त्याला लोक टाळ्या वाजवतात. पण टेकणं वेगळं आणि उडवणं वेगळं. उडवलंस तर सगळा पिट, म्हणजे गाड्यांवर काम करणारे सगळे संघ, तुझ्याशी बोलणं बंद करतो. आणि या दोन्हींमधली रेघ कुठेही छापलेली नाही. फेऱ्या किती उरल्या होत्या, तू पहिल्या नंबरासाठी लावलीस की बाराव्यासाठी, समोरचा म्हातारा की पोरगा, त्याने पूर्वी तुला वाट दिली होती का, या सगळ्यावर ती सरकते. शेवटच्या तीन फेऱ्यांत जे माफ ते दहाव्या फेरीत नाही.

आई, आपल्या घरची आहेराची वही डोळ्यांपुढे आण. अमक्यांनी आमच्या लग्नात पाचशे एक दिले, म्हणजे त्यांच्या पोरीला आपण पाचशे एकच्या खाली जायचं नाही. कुणी मागत नाही, कुणी बोलून दाखवत नाही, पण वीस वर्षांनी कपाटातून वही निघते आणि पानासकट नोंद सापडते. इथे वही डोक्यात असते, बाकी तसंच. जूनमध्ये हिकरीला तीन फेऱ्या उरल्या असताना मी एका लाल गाडीवाल्या म्हाताऱ्याला टेकून चौथा नंबर घेतला. म्हातारा म्हणजे माझ्या जन्माआधीपासून चालवणारा माणूस. नंतर मी हात मिळवायला गेलो तर हसला, एवढंच म्हणाला, 'आठवण ठेवीन.' मला वाटलं कौतुक केलं. मालक गाडीत बसल्यावर म्हणाले, 'पोरा, तुझ्या नावावर लागलं.'

शनिवारी ११८ वी फेरी, तिसरं वळण. माझा स्पॉटर, म्हणजे वर छतावर उभा राहून कानात बोलणारा, 'आत आहे, आत आहे' म्हणत होता, आणि मग एकदम गप्प झाला. तो गप्प झाला की समजायचं. मागून बसला तो टेकल्याचा धक्का नव्हता. मागचं चाक उचललं गेलेलं मला पाठीत कळलं. लाल गाडीच होती. पुढचं क्लिपात आहे.

गाडी ओढून आणली. नाक आत गेलेलं, रेडिएटरला भगदाड, पंखा तिरका. मी टायरवर बसून राहिलो. कुणाशी बोलावंसं वाटेना. मालकांना तोंड दाखवायची लाज वाटत होती. गाडी त्यांची, मोडली मी. ते मात्र तुटलेला ब्रॅकेट हातात फिरवून बघत होते, सरळ होईल का म्हणून. आप्पा, अगदी तुमच्यासारखे. मी लेथवरचा जॉब बिघडवला की तुम्ही पण आधी जॉबकडेच बघायचात, माझ्याकडे नंतर.

रात्री दहाला लाल गाडीवाला आला. एका काखेत जुना रेडिएटर, दुसऱ्या हातात मेणकागदात गुंडाळलेले दोन हॉटडॉग. म्हणाला, 'तुला हलवायचं होतं, आपटायचं नव्हतं. पेडल जमिनीला लागलं.' ब्रेक संपले होते त्याचे. खरं की खोटं? मी त्याची डिस्क जाऊन बघितली नाही. बघायला गेलो असतो तर आणखी एक नोंद झाली असती. रेडिएटर घेतला. मालक म्हणाले, आता परत तुझ्याकडून देणं निघतं. म्हणजे हे संपतच नाही.

हॉटडॉग त्या ट्रॅकवरचा प्रसिद्ध आहे, सॉसेज चक्क गुलाबी असतं. मी म्हटलं, आजोबांचा पंधरवडा आहे, मांस चालत नाही. त्याला काय कळलं कोण जाणे, टोपी काढून छातीशी धरली, सॉसेज स्वतः काढून खाल्लं आणि कोबी-कांद्याचा पाव मला दिला. आई, एवढं पाळलंय, ते तरी धर.

आप्पा, घड्याळाचं विचारलं होतंत. १९६४ पासून मार्टिन्सव्हिलला जिंकणाऱ्याला माणसापेक्षा उंच लाकडी घड्याळ देतात. ते दुसऱ्या कुणाला मिळालं. मी जवळून बघितलं. आपल्या सोप्यात बसलंही नसतं, वरची तुळई आड आली असती.

आता देण्याघेण्याचं, म्हणजे आपलं.

छोटीच्या लग्नाच्या कार्यालयासाठी दसऱ्यापर्यंत तीन लाख पाठवतो म्हणालो होतो. आज पावणेदोन पाठवलेत, बुधवारपर्यंत जमा होतील. उरलेले दिवाळीला, नक्की. रेडिएटरमुळे नाही. घरभाडं वाढलं, आणि… बरं, थोडं रेडिएटरमुळे. नाकाच्या दुरुस्तीचा अर्धा खर्च मीच मागून घेतला, मालक नको म्हणत होते. छोटे, रागावू नको. शालूचे पैसे यातले नाहीत, ते वेगळे ठेवलेत, त्यांना हात लावलेला नाही. आप्पा, माझ्या कार्टिंगसाठी पतसंस्थेतून काढलेलं कर्ज तुम्ही कधी फेडलंत हे मला कुणी सांगितलंच नाही. मीही विचारलं नाही.

मार्गशीर्षात लग्नाला येतोय. व्हिसाच्या शिक्क्यासाठी मुंबईची तारीख मिळाली की त्याच दिवशी तिकीट काढतो. मिळेल. पत्रिकेत माझं नाव टाकाच.

आणि सांगलीच्या स्थळाचं. त्यांच्यापर्यंत क्लिप पोचली असं छोटी म्हणाली. मुलगा इंजिनिअर आहे हे खरं आहे म्हणावं, आणि सुट्टीच्या दिवशी गाडी चालवतो हेही खरं आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही, फक्त तुम्ही 'हौस म्हणून' असं सांगू नका. मुलीच्या वडिलांनी विचारलं असेल तर मामाला बोलू दे, त्यानेच व्याप वाढवलाय. मुलीने स्वतः विचारलं असेल तर तिला माझा नंबर द्या. जाळीचं मी सांगतो तिला.

झोपतो आता. सहाला उठायचंय.

तुमचा,
बाळ

ता. क. आप्पा, खंडेनवमीला लेथला हार घालाल तेव्हा माळ्यावरचं माझं जुनं कार्टिंगचं हेल्मेट खाली काढून शेजारी ठेवाल का? त्याची काच तडकलीय, फेकून दिलं असेल तर राहू दे.