विद्यार्थ्यांना विभाग नव्हे, एक बॅच दाखवा

मा. संपादक,
स. न.

फार्मसीचे विद्यार्थी औषध कंपनीत प्रशिक्षणाला गेले की त्यांचे वेळापत्रक ठरलेले असते. तीन दिवस स्टोअर, चार दिवस उत्पादन, दोन दिवस पॅकिंग, मग क्यूसी (गुणवत्ता तपासणारी प्रयोगशाळा) आणि उरलेले दिवस क्यूएमध्ये (गुणवत्तेची हमी देणारा विभाग) एसओपीच्या, म्हणजे लेखी कार्यपद्धतींच्या, फायली चाळत बसणे. ज्या विभागात जो मोकळा सापडेल तो यंत्रांची नावे सांगतो, विद्यार्थी ती वहीत उतरवून घेतात. शेवटी जो अहवाल तयार होतो त्यात रॅपिड मिक्सर ग्रॅन्युलेटरची, म्हणजे भुकटी भिजवून तिचे दाणे करणाऱ्या यंत्राची, सुबक आकृती असते. त्यातला ओला माल नेमका कधी बाहेर काढायचा, हे मात्र नसते. कंपन्यांच्या प्रशिक्षण विभागांना आणि महाविद्यालयांतल्या मार्गदर्शकांना आमची सूचना एवढीच, की विद्यार्थ्याला विभागांतून फिरवण्याऐवजी गोळ्यांच्या एका बॅचमागे लावा. डिस्पेन्सिंगपासून, म्हणजे घटक तोलून देण्यापासून, ती बॅच क्यूएकडून विक्रीसाठी मोकळी होईपर्यंत.

याचे कारण कामातच आहे. गोळी बनवताना चूक एका खोलीत होते आणि दिसते दुसऱ्याच खोलीत. कॉम्प्रेशनला, म्हणजे दाबून गोळी पाडताना, गोळीचा वरचा पापुद्रा टोपीसारखा सुटू लागला की ऑपरेटर दाब कमी करून बघतो, टरेटचा (साचे बसवलेल्या फिरत्या चकतीचा) वेग उतरवतो. कधी त्याने भागतेही, कारण वेग कमी झाला की गोळी दाबाखाली थोडी जास्त वेळ राहते आणि आतली हवा निघून जाते. पण अनेकदा मूळ कारण आदल्या दिवशीच्या फ्लुइड बेड ड्रायरमध्ये, म्हणजे गरम हवेने दाणे वाळवणाऱ्या यंत्रात, असते. माल गरजेपेक्षा जास्त वाळला, दाणे फुटून भुकटी वाढली आणि दाण्यांना धरून ठेवणारा ओलावाच उरला नाही. उलट माल ओला राहिला तर तो पंचला, म्हणजे गोळी दाबणाऱ्या ठशाला, चिकटतो आणि गोळीवरचे कोरलेले अक्षर बुजते. दोन दिवस कॉम्प्रेशन बघून निघून गेलेल्या विद्यार्थ्याला यातले काहीच जोडता येत नाही.

सुरुवात डिस्पेन्सिंगपासून व्हावी आणि तिथला हिशेब विद्यार्थ्याने स्वतः करावा. बॅचला 100 किलो औषधी घटक हवा आहे. विश्लेषण अहवालात शुद्धता, कोरड्या वजनावर, 99.2 टक्के आणि पाणी 1.5 टक्के आहे. मग 100 ला 0.992 आणि 0.985 यांनी भागायचे, उत्तर 102.34 किलो. हे वाढलेले 2.34 किलो भरणद्रव्यातून वजा करायचे असतात, नाहीतर गोळीचे एकूण वजन बदलते. वजाबाकीची ही पायरी विद्यार्थी हमखास विसरतात. वजन करताना सहायक घटक आधी आणि औषधी घटक शेवटी घेतात, म्हणजे त्याची धूळ इतर पिशव्यांत जात नाही. तराजूची त्या दिवशीची तपासणी आणि बूथच्या फिल्टरवरच्या दाबाची नोंद झाल्याशिवाय पहिली पिशवी उघडायची नसते, हेही तिथेच उभे राहून कळते.

ग्रॅन्युलेशनला (दाणे करताना) विद्यार्थ्याने इम्पेलरच्या, म्हणजे माल ढवळणाऱ्या पात्याच्या, अँपिअर मीटरकडे बघत थांबावे. बाइंडर (दाणे बांधणारे चिकट द्रावण) पडत जातो तसा आकडा चढतो, आणि ठरलेल्या टप्प्याला यंत्र थांबवावे लागते. जुने ऑपरेटर मूठभर माल दाबून बघतात. मूठ उघडल्यावर गोळा टिकला आणि बोटाने टिचकी मारताच तुटला, तर माल जमला. दोन्ही गोष्टी दाखवा आणि नोंद मात्र मीटरच्या आकड्याची होते हेही सांगा. ड्रायरमधून नमुना वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणांहून घ्यायचा असतो. एकाच जागचा नमुना फसवतो. मोठे ढेकूळ बाहेरून कोरडे आणि आतून ओले असू शकते. ते मिलमध्ये फुटले की अडीच टक्क्यांवर आणलेला ओलावा परत वर जातो.

ब्लेंडिंगमध्ये सगळ्यात शेवटी पडणारे मॅग्नेशियम स्टिअरेट, म्हणजे माल यंत्राला चिकटू न देणारे वंगण, बहुधा एक टक्क्याच्या आतच असते आणि ते तीन ते पाच मिनिटेच फिरवतात. ‘आणखी दहा मिनिटे फिरवले तर काय बिघडते?’ हा प्रश्न विद्यार्थ्याला जरूर विचारा. बिघडते असे, की दाण्यादाण्यावर त्याचा पाण्याला न जुमानणारा थर चढतो, गोळी ठिसूळ होते आणि डिसोल्युशन, म्हणजे गोळीतले औषध विरघळणे, मंदावते. म्हणजे ब्लेंडरजवळच्या घड्याळाची चूक चार दिवसांनी क्यूसीमध्ये उघडी पडते.

कॉम्प्रेशनला जास्त वेळ द्या. 45 स्टेशनचे, एका बाजूने गोळ्या देणारे यंत्र मिनिटाला 40 फेऱ्यांनी चालले तर 1,800 गोळ्या निघतात, अर्ध्या तासात 54,000. इन-प्रोसेस (काम चालू असतानाची) तपासणी दर अर्ध्या तासाला असेल आणि एखाद्या तपासणीत वजन हद्दीबाहेर निघाले, तर आधीच्या समाधानकारक तपासणीपासूनच्या तेवढ्या सगळ्या गोळ्या बाजूला काढाव्या लागतात. हा गुणाकार एकदा केला की वेळेवर तपासणी का, ते वेगळे समजवावे लागत नाही. वीस गोळ्यांचे एकेक वजन विद्यार्थ्याकडून करून घ्या. 500 मिलिग्रॅमची गोळी म्हणजे 500 मिलिग्रॅम वजनाची गोळी नव्हे, हे त्याला त्या वेळी उमगते. अशा गोळ्यांत सरासरीपासून 5 टक्क्यांहून दूर दोनच चालतात आणि 10 टक्क्यांपलीकडे एकही नाही. फ्रायबिलिटीत, म्हणजे गोळी किती झिजते या चाचणीत, गोळ्यांचा ड्रम मिनिटाला 25 फेऱ्यांनी चार मिनिटे फिरतो. वजनातली घट एक टक्क्याच्या वर जाता कामा नये आणि एक जरी गोळी फुटली तरी चाचणी नापास. गोळीचे वजन एकाएकी हलू लागले तर आधी हॉपरमधला (यंत्राच्या वरच्या नरसाळ्यातला) माल किती उरला ते बघायचे. तो खाली गेला की डायमध्ये (साच्यात) माल सारखा भरत नाही.

कोटिंग बघून पुढे गेले तरी चालेल. पॅकिंगला लीक टेस्टपुरते थांबावे. स्ट्रिप मिथिलीन ब्ल्यूच्या पाण्यात बुडवून निर्वात करतात, मग निर्वात सोडतात. निळा थेंब आत शिरला तर सील कच्चे. उरलेले छापील कार्टन मोजून नष्ट करताना विद्यार्थ्याला जवळ उभे करा.

क्यूसीमध्ये प्रत्येकाला एचपीएलसीचे, म्हणजे औषधाचे प्रमाण मोजणाऱ्या यंत्राचे, बटण दाबायचे असते. चुका त्याच्या आधी होतात. सोनिकेटरमधून (ध्वनिलहरींनी औषध विरघळवणाऱ्या यंत्रातून) काढलेला फ्लास्क गरम असतानाच खुणेपर्यंत भरला, तर थंड झाल्यावर पातळी खाली उतरते आणि निकाल वाढीव येतो. गाळताना पहिले काही मिलिलिटर टाकून द्यायचे, कारण फिल्टर सुरुवातीला औषध शोषून घेऊ शकतो. बफरचा, म्हणजे पीएच (आम्लता) स्थिर ठेवणाऱ्या क्षारांच्या पाण्याचा, पीएच सॉल्व्हंट मिसळण्यापूर्वी लावायचा. काम संपल्यावर यंत्र आधी जास्त पाणी असलेल्या मिश्रणाने धुवायचे आणि मग मिथेनॉलने. थेट मिथेनॉल सोडले तर क्षार आत जमतात आणि दुसऱ्या दिवशी पंपाचा दाब चढतो. निकाल हद्दीबाहेर आला तर पास होईपर्यंत चाचणी करत राहायचे नसते. अमेरिकेत 1993 मध्ये बार लॅबोरेटरीजच्या खटल्यात न्यायालयाने नेमके याच सवयीवर बोट ठेवले होते. आधी प्रयोगशाळेतली चूक शोधायची, ती सापडली नाही तर चौकशी उत्पादनापर्यंत न्यायची.

कंपन्यांचे दोन आक्षेप असतात. पहिला गोपनीयतेचा. त्यावर उपाय सोपा आहे: बॅच रेकॉर्डची एक प्रत घटकांच्या नावांऐवजी अ, ब, क अशी सांकेतिक नावे घालून काढा आणि तिच्यावर ‘प्रशिक्षणासाठी, वापरास नाही’ असा शिक्का मारा. मूळ रेकॉर्डवर विद्यार्थ्याने पेन टेकवायचे नाही. नोंदी या प्रतीवर, त्या त्या वेळी, शाईने करायच्या. चुकले तर एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, कारण, सही आणि तारीख. खोडरबर, पांढरी शाई, चिठोऱ्यावर लिहून नंतर उतरवणे, काहीच चालणार नाही. महिनाभर हे केले की ही शिस्त अंगवळणी पडते. दुसरा आक्षेप सुरक्षेचा आणि तो रास्त आहे. पेनिसिलिन, हार्मोन किंवा कर्करोगाच्या औषधांच्या ब्लॉकमध्ये विद्यार्थी नेऊच नयेत. सर्दी, उघडी जखम किंवा त्वचेचा संसर्ग असेल तर त्याने स्वतःहून सांगावे, त्यासाठी त्याची हजेरी कापू नये. हजेरी कापली की मुले सर्दी लपवतात.

एक बॅच बहुधा दोन-तीन आठवड्यांत मोकळी होते, तेव्हा चार आठवड्यांत हे बसते. मधल्या थांब्यांत, म्हणजे माल क्यूसीच्या निकालाची वाट पाहत असताना, एखादी बंद झालेली डेव्हिएशनची, म्हणजे ठरलेल्या पद्धतीत झालेल्या चुकीच्या चौकशीची, फाइल वाचायला द्यावी. नुसत्या एसओपींपेक्षा तिच्यातून कितीतरी जास्त शिकता येते.

मार्गदर्शकांनी तोंडी परीक्षेत व्याख्या विचारणे सोडावे. ‘तुमच्या बॅचचे उत्पन्न 98.4 टक्के आले, उरलेले 1.6 टक्के कुठे गेले?’ असे विचारावे. बॅचबरोबर राहिलेला विद्यार्थी डस्ट कलेक्टर, यंत्र जुळवताना टाकलेल्या गोळ्या, तपासणीत फुटलेल्या गोळ्या आणि क्यूसीचे नमुने यांचे किलोवारी आकडे सांगेल. ते सांगता आले नाहीत तर आकृत्यांच्या अहवालाला गुण देऊ नयेत.

आपले,
औषधनिर्मितीच्या उत्पादन आणि गुणवत्ता विभागांत काम करणारे काही वाचक