बार्बरा लिस्कोव्ह मॅडम, त्या खोडलेल्या एक्स्टेंड्सबद्दल आभार

मा. लिस्कोव्ह मॅडम,
स. न. वि. वि.

१९८७ मध्ये ऊप्स्ला या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगच्या परिषदेतल्या भाषणात तुम्ही मांडलंत, की मूळ प्रकाराच्या जागी उपप्रकाराचा ऑब्जेक्ट ठेवला तरी प्रोग्रॅमचं वागणं बदलता कामा नये. गंमत म्हणजे तुमच्या स्वतःच्या क्लू या प्रोग्रॅमिंग भाषेत इनहेरिटन्स, म्हणजे एका क्लासने दुसऱ्याचा वारसा घेणं, नव्हतंच! जावात हा वारसा ‘एक्स्टेंड्स’ हा शब्द लिहून घेतात.

जावाचा, सेटिंग्ज साठवणारा प्रॉपर्टीज क्लास बघा. त्यात की आणि व्हॅल्यू दोन्ही स्ट्रिंग असणं अपेक्षित. पण तो हॅशटेबल या कुठल्याही की-व्हॅल्यू जोड्या साठवणाऱ्या क्लासपासून काढलाय, त्यामुळे पुट मेथड आयतीच मिळाली आणि तिला काहीही चालतं. ‘पोर्ट’ या कीवर ८०८० हा इंटिजर पुट करा, कंपायलर हूं की चूं करत नाही. गेटप्रॉपर्टीने तीच की मागा, तर हाती नल, म्हणजे काहीच नाही. स्टोअर करायला जा, तर क्लासकास्टएक्सेप्शन, म्हणजे प्रकार न जुळल्याची एरर. चूक एका फाइलमध्ये, बोंब भलत्याच फाइलमध्ये. हॅशटेबल आत प्रायव्हेट फील्ड म्हणून ठेवून फक्त सेटप्रॉपर्टी बाहेर दिली असती, तर हे दारच उघडं राहिलं नसतं. स्टॅकचंही तेच: त्यात वरच ठेवायचं आणि वरूनच काढायचं, पण वारसा व्हेक्टर या यादीचा, म्हणून मधेच घुसवता येतं.

संगणकशास्त्रज्ञ जॅनेट विंग यांच्यासोबत १९९४ मध्ये तुम्ही हे नियमांत बसवलंत. उपक्लासने मेथडच्या पूर्वअटी कडक करू नयेत, निकालाची हमी सैल करू नये, इन्व्हेरियंट (ऑब्जेक्टबद्दल कायम खऱ्या राहायला हव्यात अशा गोष्टी) मोडू नयेत. एवढं बहुतेकांना पाठ असतं. विसरतो तो पुढचा नियम: मूळ प्रकारात जो बदल होऊच शकत नाही, तो उपप्रकारानेही होऊ देऊ नये. कधीच न बदलणाऱ्या ‘बिंदू’च्या उपक्लासला सेटएक्स दिलं आणि तो ऑब्जेक्ट हॅशमॅपमध्ये की म्हणून गेला, की संपलं. एक्स बदलला, त्यासरशी हॅशकोड (नोंद कुठल्या कप्प्यात शोधायची ते ठरवणारा आकडा) बदलला. नोंद आत आहे, पण सापडत नाही.

कंपायलर सिग्नेचर (मेथडचं नाव आणि प्रकार) तपासतो, वागणं नाही. म्हणून मूळ क्लासच्या टेस्ट अॅबस्ट्रॅक्ट टेस्ट क्लासमध्ये लिहायच्या, ऑब्जेक्ट बनवणारी एकच मेथड मोकळी सोडायची आणि प्रत्येक उपक्लासवर सगळ्या टेस्ट जशाच्या तशा चालवायच्या. एखादी वगळावीशी वाटली किंवा वापरणाऱ्या कोडमध्ये इन्स्टन्सऑफ (ऑब्जेक्ट नक्की कुठल्या क्लासचा, ही विचारणा) डोकावू लागलं, की एक्स्टेंड्स खोडायचं आणि त्या जागी फील्ड लिहायचं.

आपले कृतज्ञ,
रोज कोड रिव्ह्यू करणारे काही जण