डिस्क वाचवणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

आमच्या दिवाळी अंकाच्या श्रेयनामावलीत तुमचं नाव घालू का, असं संपादकांनी विचारलं तेव्हा तुम्ही साफ नकार दिलात. म्हणून इथेही नुसतं ‘दादा’. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत, कारण तुम्ही जे केलंत ते आमच्यासारख्या अक्षरजुळणी करणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं.

दिवाळी अंकाचे दिवस म्हणजे काय असतं हे नारायण पेठेत सांगावं लागत नाही. कथांची दुसरी प्रुफं येऊन पडलेली, जाहिराती रोज बदलताहेत, छापखाना पहिल्या फर्म्यासाठी, म्हणजे एकत्र छापायच्या पानांच्या पहिल्या गठ्ठ्यासाठी, घाई करतोय. अशात सकाळी कॉम्प्युटरचं मशीन सुरू केलं तर काळ्या पडद्यावर एकच ओळ, बूट होण्यासारखी डिस्क सापडत नाही. बायोस, म्हणजे मशीनला जोडलेली उपकरणं दाखवणारा सुरुवातीचा पडदा, उघडलं तर विंडोज असलेली एसएसडी ही न फिरणारी डिस्कही नाही आणि सगळी पानं असलेली मोठी हार्ड डिस्कही नाही. बॅकअप होता, पण तो मागच्या रविवारचा. त्यानंतर लेखकांनी केलेल्या दुरुस्त्या आणि लावून झालेली पानं त्याच डिस्कवर होती.

आधी ज्या दुकानात नेलं तिथे पाच मिनिटांत निकाल मिळाला: दोन्ही डिस्क गेल्या, नाहीतर मदरबोर्ड गेला, नवीन मशीन घ्या. मशीनचं झाकणसुद्धा उघडलं नाही.

तुम्ही फोनवरच आधी प्रश्न विचारलेत. दोन्ही एकदम दिसेनाशा झाल्या का? डिस्कवर हात ठेवला तर फिरल्याचं जाणवतं का? आणि बायोसमध्ये डीव्हीडी रायटर दिसतो का? तो दिसत होता. मग तुम्ही म्हणालात, “ताई, दोन डिस्क एकाच रात्री मरत नाहीत. डीव्हीडी दिसतोय म्हणजे बोर्डावरचा साटा, डिस्क जोडायची जागा, जिवंत आहे. दोघींमध्ये सामाईक काय आहे ते बघू. तोवर मशीन सुरू करू नका.” त्या एका वाक्याने मला किती धीर आला हे तुम्हाला तेव्हा सांगता आलं नाही.

सामाईक होता तो एक कन्व्हर्टर. जुन्या एसएमपीएसला, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याला, साटाचे पॉवर कनेक्टर कमी असतात, म्हणून एसएसडी बसवताना कुणीतरी चार पिनांच्या मोलेक्स या जुन्या पद्धतीच्या पॉवर प्लगवरून दोन साटा काढणारी वायर लावून दिली होती. तुम्ही मोलेक्स सोडवून माझ्यासमोर धरलात. लाल वायरीच्या पिनभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलं होतं, भोक वेडंवाकडं झालं होतं आणि पिन आत सैल हलत होती. लाल म्हणजे पाच व्होल्ट, पिवळी म्हणजे बारा. एसएसडी पूर्णपणे पाचवर चालते. मोठ्या डिस्कची मोटर बारावर फिरते खरी, पण तिला फिरायला सांगणारी सर्किटं पाचवर. लाल वायर गेली की दोघीही मुक्या.

त्यानंतर तुम्ही जे केलंत ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. त्या वायरीला लावलेल्या व्होल्ट मोजायच्या मीटरकडे बघून मी म्हटलं, “पण हा तर बरोबर पाच दाखवतोय.” तुम्ही पिशवीतून एक निकामी डिस्क काढून त्याच वायरीला जोडलीत आणि कनेक्टरच्या मागच्या बाजूने मीटरचा प्रोब लावलात. आकडा लगेच घसरला, आणि वायर हलवली की आणखी खाली. भार नसलेल्या वायरीवर मीटर पाच दाखवणारच, करंट ओढायला लागलं की खरं कळतं, हे तुम्ही शांतपणे समजावलंत. एवढी घाई असताना माझ्या डिस्कवर प्रयोग न करता भंगार डिस्कवर खात्री करून घेतलीत. नंतर माझ्या डिस्कच्या सर्किटवर कुठे शॉर्ट नाही ना हे तपासलंत, आणि मगच तिला चांगली पॉवर दिलीत.

तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून तुम्ही नवा एसएमपीएस आणलात, थेट साटाचे पुरेसे कनेक्टर असलेला. माझ्याकडे दुसऱ्या मशीनच्या मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या निघणाऱ्या, एसएमपीएसची एक जास्तीची वायर होती, ती चालेल का असं मी विचारलं. तुम्ही ती हातातून काढूनच घेतलीत. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते, प्लग बसला तरी पाचच्या जागी बारा व्होल्ट जाऊ शकतात आणि डिस्क जळते. इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वाचणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

एसएसडी लगेच उठली. मोठी डिस्क दिसली, पण विंडोजने विचारलं, फॉरमॅट करायची का? तुम्ही ‘नाही’ दाबून मशीनच बंद केलंत. विंडोजचं डिस्क दुरुस्त करणारं चेकडिस्कसुद्धा चालवू दिलं नाहीत, कारण ते डिस्कवर लिहितं आणि दुखऱ्या डिस्कवर लिहिणं म्हणजे उरलेलं घालवणं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते त्या ‘स्मार्ट’मध्ये पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे भाग, दिसत होते. पॉवर सतत तुटत असताना लिहिणं अर्धवट राहिलं असावं, असं तुमचं मत. मग लिनक्सचा पेन ड्राइव्ह, नवी डिस्क आणि दुखऱ्या डिस्कची नक्कल काढणारा डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम. आधी सहज वाचता येणारा भाग उचलायचा, अडलेल्या जागांची नोंद ठेवायची आणि शेवटी त्यांच्याकडे परत यायचं, ही त्याची पद्धत. रात्रभर तो आकडा पुढे सरकत होता आणि तुम्ही मध्येच फोन करून “तापली नाही ना? पंखा समोर ठेवा,” असं सांगत होतात. दुरुस्ती नंतर केलीत ती नव्या डिस्कवरच्या नकलेवर. मूळ डिस्कला हात लावला नाहीत.

पानं परत आली. मजकूर, मुखपृष्ठ, जुन्या अंकांची फोल्डरं, सगळं. एका जाहिरातीची फाइल उघडली नाही, ती त्यांच्याकडून पुन्हा मागवली. पहिला फर्मा ठरलेल्या दिवशी गेला. एका ज्येष्ठ लेखिकेने थरथरत्या हाताने प्रुफावर केलेल्या दुरुस्त्या मी पानात चढवल्या होत्या. त्या पुन्हा करून द्या असं त्यांना सांगायची पाळी आली नाही, याचं समाधान मला शब्दांत मांडता येत नाही.

बिल तुम्ही एसएमपीएस, डिस्क आणि तुमच्या वेळेचं लावलंत. ‘डेटा रिकव्हरी’ म्हणून वेगळा आकडा लावला असतात तरी मी दिला असता, हे तुम्हालाही ठाऊक होतं. रात्री उशिरापर्यंत टॉर्च धरून उभ्या राहिलेल्या तुमच्या हाताखालच्या मुलाचेही आभार. वायर कुठून निघाली आणि कुठे लागली, याचे फोटो त्याने न सांगता काढून ठेवले होते. तो तुमच्याकडे योग्य ते शिकतोय.

मूळ डिस्क तुम्ही सांगितल्याप्रमाणे चिठ्ठी लावून कपाटात ठेवली आहे. बॅकअप आता रोज संध्याकाळी दोन ठिकाणी होतो, त्यातली एक प्रत माझ्या बहिणीच्या घरी. अंक हातात आला की पहिली प्रत तुमची.

भाऊबीजेनंतर वहिनींना आणि त्या मुलाला घेऊन फराळाला या. येताना टूलकिट घरी ठेवून या.

आपली,
नारायण पेठेतली अक्षरजुळणी करणारी ताई