अण्णांचं मुखत्यारपत्र: कर, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस

रेडिंग, इंग्लंड
जानेवारी २०२६

प्रिय महेश,

अनेक आशीर्वाद. डॉक्टरांनी अण्णांना सुरुवातीचा स्मृतिभ्रंश सांगितलाय, तेव्हा त्यांचं कुलमुखत्यारपत्र (त्यांच्या वतीने सगळे व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद) तुझ्या नावाने करून घ्यायचं का, असं तू विचारलंस. जरूर कर, आणि नोंदणीकृतच कर. पण ते झालं की सगळं मार्गी लागलं, असं समजू नकोस. भारतीय करार कायद्याचं, म्हणजे १८७२ च्या कायद्याचं कलम २०१ असं सांगतं की मुखत्यारपत्र देणारा वारला किंवा त्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही, की मुखत्यारी संपली. गुडघ्यांमुळे अण्णांना बँकेत जाववत नाही, एवढंच कारण असेल तोवर तो कागद चालेल. आपण कशावर सही करतोय हे त्यांना कळेनासं झालं की तो कायद्याने निकामी. कागदात ‘अपरिवर्तनीय’ असा शब्द घालून देतो म्हणणारे वकील भेटतील. कलम २०२ ची ती सवलत मुखत्याराचा स्वतःचा त्या मिळकतीत हितसंबंध असेल तेव्हाच मिळते. बापाच्या वतीने वीजबिल भरणाऱ्या मुलाला नाही. पुढे तसल्या कागदावर प्लॉट विकलास, तर उद्या एखादा वारस किंवा घेणाराच तुला कोर्टात उभा करेल.

इथे इंग्लंडमध्ये यासाठी लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नी (टिकाऊ मुखत्यारपत्र) आहे. २००५ च्या मेंटल कपॅसिटी ॲक्टने आणलेली. एक पैशाअडक्यासाठी, एक औषधपाणी नि देखभालीसाठी. भान शाबूत असताना करून सरकारी कार्यालयात नोंदवायची, आणि भान गेल्यावरही ती चालते. तो फॉर्म नेटवरून उतरवून अण्णांची सही घेण्याची कल्पना स्वातीने काढली होती, पण आपल्याकडे त्याला काडीचीही किंमत नाही. तसा कायदाच नाही. म्हणून जे काम इथे दोन कागद करतात, ते तिथे बऱ्याच लहान लहान तजविजींत वाटून घ्यावं लागतं.

सुरुवात बँकेपासून कर. पासबुकावर अण्णा आणि आई अशी दोन नावं आहेत म्हणून निर्धास्त होऊ नकोस. खातं चालवण्याची पद्धत काय लिहिली आहे ते बघ. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर आई एकटी पैसे काढू शकते. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर अण्णा हयात असेपर्यंत फक्त अण्णाच. आणि ‘जॉइंटली’ असेल तर दरवेळी दोघांची सही, म्हणजे एकाचं भान गेलं की खातं गोठलं. ही पद्धत बदलायला दोघांच्या सह्या लागतात, त्यामुळे ते आत्ताच व्हायला हवं. पेन्शनच्या खात्यात तुझं नाव घालायच्या भानगडीत पडू नकोस. अण्णा, आई आणि तू असं तिघांचं वेगळं बचत खातं ‘एनीवन ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीने उघड आणि घरखर्च, आयाचा पगार, औषधं त्यातून चालव. माझं नाव कुठेच नको. अनिवासी माणसाचं नाव आलं की केवायसीचे नसते घोळ सुरू होतात.

एफडीत लोक हमखास फसतात. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असलेली ठेव मुदत संपल्यावर कोणीही एक जण घेऊ शकतो, पण दोघंही हयात असताना ती मुदतीआधी मोडायची तर सही दोघांची लागते. अण्णांची सगळी पुंजी पाच-पाच वर्षांच्या दोन मोठ्या ठेवींत आहे. उद्या घरी नर्स ठेवायची वेळ आली तर तो पैसा समोर दिसेल, हाती येणार नाही. शिवाय त्यांना ऑटो-रिन्यूअल लावलेलं आहे. मुदत संपते, त्या दिवशी कुणाचं लक्ष नसतं आणि ठेव पुन्हा पाच वर्षं आत जाते. अण्णा सही करताहेत तोवर त्या मोडून लहान लहान ठेवी कर, दर तीन महिन्यांनी एक सुटेल अशा, आणि मुदत संपताच मुद्दल-व्याज जोडखात्यात जमा होईल अशी सूचना लेखी दे. व्याजाचं थोडं नुकसान होईल. होऊ दे.

बँकेत कुणी सांगेल, ‘अंगठा घेऊ, काळजी नको.’ रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे फार आजारी खातेदाराचा हाताचा किंवा पायाचा अंगठा दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर घेता येतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. ही सोय सही करण्याचं बळ नसलेल्या माणसासाठी आहे, समज गेलेल्यासाठी नाही. दुसरं कुणी नॅशनल ट्रस्टचं पालकत्व प्रमाणपत्र आणायला सांगेल. १९९९ चा तो कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यापुरता आहे. म्हातारपणच्या स्मृतिभ्रंशाला तो लागू नाही. आणि नॉमिनी? १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला चार नॉमिनी देता येतात, ते भरून टाक, पण नॉमिनीचं काम माणूस गेल्यावर सुरू होतं. मृत्युपत्राचंही तेच.

एवढं करूनही काही मिळकत फक्त अण्णांच्या नावावर राहिली आणि ती विकणं भाग पडलं, तर उच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. कोमातल्या किंवा भान हरपलेल्या माणसांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने असे आदेश दिले आहेत. सांगलीकरांना आता त्यासाठी मुंबई गाठायला नको, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला त्याचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) आहे. तरी वैद्यकीय मंडळाची तपासणी, मिळकतीची चौकशी, सगळ्या वारसांची ना-हरकत असं करता करता महिने जातात, आणि पुढेही हिशेब द्यावा लागू शकतो. हा रस्ता शेवटचा समज.

डॉक्टरांनी ‘सुरुवातीचा स्मृतिभ्रंश’ लिहिलं म्हणून अण्णांच्या सहीची किंमत गेली, असं मात्र नाही. भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम ५९ समज असलेल्या काळात केलेलं मृत्युपत्र मान्य करतं. फक्त ती समज त्या दिवशी होती, हे नंतर दाखवता आलं पाहिजे. म्हणून सह्या सकाळी ठेव. अशा माणसांचा गोंधळ संध्याकाळकडे वाढतो. त्याच दिवशीच्या तारखेचा मानसोपचारतज्ज्ञाचा किंवा न्यूरोलॉजिस्टचा दाखला घे. ‘फिट आहेत’ एवढंच नको. आपली मिळकत काय, वारस कोण, कागदाचा परिणाम काय हे त्यांनी स्वतः सांगितलं, असं त्यात लिहिलेलं हवं. साक्षीदार अण्णांपेक्षा वयाने बरेच लहान आणि गावातच राहणारे निवड. फॅमिली डॉक्टर साक्षीला तयार झाले तर उत्तम. जिना उतरवत नसेल तर दुय्यम निबंधकाकडे डॉक्टरांच्या दाखल्यासह गृहभेटीचा अर्ज करता येतो.

घर तुझ्या नावाने बक्षीसपत्र करायचं अण्णांच्या मनात आहे, हे आईने फोनवर सांगितलं. मुलाला राहतं घर द्यायचं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये, म्हणून सगळे तिकडे धावतात. (स्थानिक अधिभार निराळा.) माझा विरोध तुला नाही, घाईला आहे. करायचंच असेल तर दोघांना तहहयात राहण्याचा हक्क आणि त्यांचा सांभाळ करण्याची अट त्या दस्तातच लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अट मोडली तर प्रांताधिकाऱ्याकडच्या न्यायाधिकरणात ते बक्षीस रद्द करून मागता येतं, आणि दस्तात अट नसली की वाद तिथेच अडतो. हे कलम तुझ्याविरुद्ध लिहितेय असं वाटून घेऊ नकोस. उद्या तुला काही झालं तर आई-अण्णा त्या घरात कुणाच्या हक्काने राहतील, हा प्रश्न आहे.

आता दवाखान्याचं. ‘मला नळ्या लावून ठेवू नका,’ असं अण्णा नेहमी म्हणतात, पण नुसतं म्हणून आयसीयूत उपयोग नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं. निर्णय सांगणाऱ्या जवळच्या माणसांची नावं त्यात असावी लागतात. तुझं आणि स्वातीचं घाला, मी वेळेवर पोहोचेनच असं नाही. एक प्रत महापालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, एक फॅमिली डॉक्टरांकडे. व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीने अन्न, छातीवर दाब देऊन हृदय सुरू करणं, प्रत्येकाबद्दल वेगळं वाक्य लिहा. ‘जास्त उपचार नकोत’ या वाक्याचा अर्थ कुठलाच डॉक्टर लावत बसणार नाही. हे इच्छापत्र बरं होण्याची आशा नसलेल्या अवस्थेपुरतंच आहे आणि त्यावरही दोन वैद्यकीय मंडळांचं मत लागतं. रोजच्या मनोविकाराच्या उपचारांसाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १४ वापर: साध्या कागदावर सही करून अण्णा तुला नामनिर्देशित प्रतिनिधी (उपचारांच्या निर्णयात त्यांना मदत करणारा माणूस) नेमू शकतात. त्या कायद्याच्या व्याख्येत स्मरणशक्तीचे गंभीर विकारही बसतात.

ब्युरोकडून आया घेतलीस तर पैसे खात्यातून दे, पोलीस पडताळणीची प्रत माग, आणि ती सुट्टीवर गेल्यास बदली किती तासांत मिळणार ते लिहून घे. सिव्हिलच्या मागच्या त्या वृद्धसेवा केंद्राचं माहितीपत्रक बघितलं. अनामत परत कधी, रुग्ण महिनाभर दवाखान्यात असला तर शुल्क किती, आणि प्रकृती बिघडल्यास ‘घरी न्या’ म्हणायचा हक्क कुणाला, या तिन्हींवर त्यात चकार शब्द नाही. विचारून लेखी उत्तर घे.

आधी ठेवी आणि खात्याची पद्धत, ते याच आठवड्यात. मृत्युपत्राचा आणि वैद्यकीय इच्छापत्राचा मसुदा सही करण्याआधी मला पाठव, मराठीतच कर म्हणजे अण्णांना स्वतः वाचता येईल. माझ्या सहीचं काही लागलं तर ती इथल्या भारतीय उच्चायोगामार्फत साक्षांकित करून घ्यावी लागेल, तेव्हा आधी कळव.

आई-अण्णांना नमस्कार सांग.

तुझी,
ताई